सतराव्या ओळीतल्या नांग्या

कुठेही भाताची लावणी झालेली दिसली की मी आधी रिकाम्या जागा मोजते. बाकीचे लोक हिरवळ बघतात, फोटो काढतात. माझी नजर ओळीतून सरकत जाते आणि जिथे रोप नाही तिथे अडखळते. घरचे हसतात. हसू देत. ही खोड मला लागली ती माझ्याच एका चुकीने, आणि त्या चुकीपायी माझं खरं नाव कागदावरच राहिलं. शेतावर मी कायमची 'नांगीवाली' झाले.

नांगी म्हणजे ओळीतली रिकामी जागा. लावलेलं रोप जगलं नाही की तिथे नांगी पडते. विंचवाची असते तीही नांगीच. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मामंजींची भात संशोधन केंद्रावरची एकतिसावी लावणी चालू होणार होती. पुढच्या वर्षी ते घरी बसणार होते. केंद्राच्या कालव्याकडेला मजुरांच्या खोल्यांची रांग होती, त्यातल्या टोकाच्या दोन आमच्या. पत्र्यावर दुपारी कावळा चालला तरी आत ऐकू यायचं. स्वयंपाकघरात भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं, त्यावर आम्ही सगळे ओळीने बसून जेवायचो. खिडकीकडची जागा मामंजींची. जेवता जेवता त्यांना कालव्यापलीकडचं शेत दिसायचं आणि सासूबाई म्हणायच्या, "घास तोंडात घाला, शेतात नाही."

मामंजींना लिहिता येत नव्हतं. आकडे ओळखायचे, अक्षरांशी वाकडं. पण रोप बघून ते सांगायचे की याच्या आजीला कुसळ होतं. केंद्रावरचे शिकलेले लोक वहीत बघून खात्री करून घ्यायचे आणि मग गप्प बसायचे. त्यांची स्वतःची वही म्हणजे सुतळी. लावणीनंतर आठव्या दिवशी ते प्रत्येक ओळीतून सुतळी घेऊन चालायचे. जगलेल्या रोपाला एक गाठ, नांगी असेल तिथे बोटभर अंतर मोकळं. ओळ संपली की सुतळी गुंडाळून कोपरीच्या आतल्या खिशात. सासूबाईंना या सुतळ्यांचा भारी राग. "कपडे धुताना निम्मा वेळ यांचं दप्तर उपसण्यात जातो," म्हणायच्या. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा असेल. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, करपा. आमच्या भागात जे जुनं भात पिकायचं त्याला मामंजी 'म्हातारी' म्हणायचे. दाणा बारीक, शिजताना घरभर वास. सात वर्षांपूर्वी करपा आला आणि पानांवर भाजल्यासारखे डाग पडून शेतंच्या शेतं बसली. लोकांनी म्हातारी पेरायची सोडली. बियाणं केंद्रापुरतं उरलं.

दुसरीकडे एक रानटी वाणाचं भात होतं, उंच, केसाळ, दाणा लाल आणि चवीला माती. त्याला करपा शिवत नसे. मामंजी त्याला 'आडदांड' म्हणायचे. आडदांडाचा तो एवढा एकच गुण म्हातारीत आणायचा आणि बाकीचा आडदांड बाहेर काढायचा, हे काम सहा हंगाम चाललं होतं. आधी दोघांची जोडी लावली. मग निघालेल्या पोरांची जोडी पुन्हा म्हातारीशी, त्यांच्या पोरांची पुन्हा म्हातारीशी. दर वेळी शेकडो रोपं. त्यांतली कोणती ठेवायची ते दोघं मिळून ठरवायची: लॅबमधल्या बाई पान बघून, आणि मामंजी झाड बघून.

या बाईंना मजूर पानबाई म्हणत. उंच, घाईच्या, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. त्यांना पानं गोळा करायला नेटक्या अक्षराचं कोणीतरी हवं होतं. मामंजी म्हणाले, "माझी सून अकरावी शिकलीय. तिच्या हाताची जबाबदारी माझी." आणि मला काम मिळालं. चिमट्यासारखं एक यंत्र होतं. पानाला लावून दाबलं की गोल टिकली पडायची. ती टिकली भोकाभोकांच्या ताटलीत, ज्या रोपाची त्याच नंबरच्या भोकात, आणि ताटली बर्फाच्या डब्यात. मी डावरी. पानबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "डाव्या हाताने? सांडशील." एकही सांडली नाही.

पहिल्यांदा मी लॅब बघितली तेव्हा मामंजीही बरोबर होते. पायातल्या वहाणा बाहेर काढून, हात मागे बांधून ते काचेपाशी उभे होते, देवघरात उभं राहावं तसे. बाईंनी काळा कागद दाखवला. त्यावर उजळ रेघा.

"वरची रेघ आडदांडाची, खालची म्हातारीची," बाई म्हणाल्या. "दोन्ही रेघा आल्या तर रोप अर्धं याचं अर्धं तिचं."

"म्हणजे करपा न लागण्याचा गुण इथे दिसतो तुम्हाला?" मामंजींनी विचारलं.

"गुण नाही दिसत. त्याच्या शेजारची खूण दिसते. आपण पाहुण्याला पत्ता सांगतो ना, विहिरीशेजारचं घर. विहीर सापडली की घर सापडलं."

मामंजी काचेकडे आणखी वाकले. "म्हणजे तुम्ही विहीर बघून परत फिरता. आमच्या घरात पाय ठेवतच नाही."

बाई मोठ्याने हसल्या. "घरात कोण राहतं ते तुम्ही बघायचं. म्हणून तर दोघं लागतो."

घरी येताना मामंजी खुशीत होते. वाटेत दोनदा म्हणाले, "बाई हुशार आहे."

त्या हंगामात चाळीस ओळी होत्या, प्रत्येक ओळ एका निवडलेल्या झाडाच्या बियांची. मामंजींचा जीव सतराव्या ओळीत. तिचं आईझाड त्यांनी स्वतः निवडलं होतं. दिसायला थेट म्हातारी, आणि काळ्या कागदावर मात्र नुसती वरची रेघ. म्हणजे त्याच्या प्रत्येक पोरात ती खूण पक्की. सतरावी ओळ टिकली की तिचं बी वाढवून लोकांना द्यायचं ठरलं होतं. लावणीच्या दिवशी मामंजींनी त्या ओळीची चाळीसच्या चाळीस रोपं स्वतः लावली. कंबर धरून उठले आणि मला म्हणाले, "ही उभी राहिली की मी बसायला मोकळा."

आठव्या दिवशी ते सुतळी घेऊन फिरले. नवव्या दिवशी बांधावर त्यांच्या पायात काटा मोडला. पाय सुजून भोपळा झाला आणि ते खोलीत अडकले. अडकले म्हणजे काय, बाकड्यावर पाय लांब करून खिडकीतून हुकूम सोडत होते. "पाणी जास्त झालंय. बगळा बसलाय. त्याला हाकला." सासूबाई म्हणाल्या, "मी भात केंद्रात कामाला आहे की तुमच्या?"

अकराव्या दिवशी मी सतराव्या ओळीपाशी गेले. मामंजींची ओळ, आणि तिच्यात पाच ठिकाणी दात पडल्यासारखं. खेकड्यांनी रोपं तोडली होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या माहेरी भाताचंच शेत. लावणीनंतर आठवड्याने आम्ही सगळ्या बहिणी नांग्या भरायला उतरायचो. ज्या घरच्या शेतात नांग्या दिसतात त्या घरच्या बायका आळशी, असं आई म्हणायची. मी इकडे तिकडे बघितलं. कोपऱ्यातल्या चिखलात रोपांची एक उरलेली जुडी खोचून ठेवली होती, अजून हिरवीगार. मी साडी खोचली, पाच रोपं घेतली आणि पाच नांग्या भरल्या. चिखलात अंगठा दाबताना माझं मलाच छान वाटत होतं. मामंजी बरे होऊन येतील आणि भरलेली ओळ बघतील. सांगायचं नाही, त्यांना आपोआप दिसू दे.

रिकामी जागा रिकामीच ठेवायची, हा केंद्रावरचा पहिला नियम होता. तिथे तीस वर्षं काम केलेल्याला तो श्वासासारखा माहीत होता, म्हणून मला तो सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

दहा दिवसांनी पानं घेतली. सतराव्या ओळीच्या चाळीस टिकल्या, चाळीस भोकं. पाच माझ्याच रोपांच्या. माझ्या मनात काहीही आलं नाही. रोपं चांगली मुळावली होती, फुटवे धरत होती. उलट मी जरा मिरवतच होते.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी मामंजी काठी टेकत शेतावर आले. मी बांधावर वाट बघत होते. ते एकेक ओळ बघत सतराव्यापाशी आले आणि थांबले. मग लंगडत ओळीच्या कडेने चालले. सहाव्या रोपापाशी वाकले. एकोणिसाव्यापाशी वाकले. परत आले.

"कशी दिसते ओळ?" न राहवून मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. "छान दिसते," म्हणाले, आणि बांधावर बसले. चेहरा उतरला होता. मला वाटलं, पाय दुखतोय.

तेवढ्यात पानबाई आल्या, हातात काळा कागद. मागे केंद्राचे मोठे साहेब. मोठे साहेब शेतात आले की बुटांना चिखल लागू नये म्हणून पाटाच्या दगडांवरून यायचे, आणि त्यांच्यामागून यायला सगळ्यांना तेच दगड शोधावे लागायचे. बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता.

"सतराव्यात भेसळ आहे. पस्तीस रोपांना नुसती वरची रेघ आणि पाचांना नुसती खालची. ती पाच शुद्ध म्हातारी आहेत. आईझाडात खोट असती तर दोन्ही रेघांची रोपं निघाली असती. तसं एकही नाही. ही पाच बाहेरून आलीत."

"कुठली पाच?" साहेबांनी विचारलं.

"सहा, सात, एकोणीस, अठ्ठावीस, तेहतीस."

त्या पाच जागा मला अंगठ्याने पाठ होत्या.

"बाहेरून आली म्हणजे कशी? केव्हा?" साहेब म्हणाले. "पाच कळली. तुमच्या खुणेला न दिसणारं अजून काय मिसळलंय ते कोण सांगणार? लोकांना बी द्यायचंय, खेळ नाही. नियमाप्रमाणे ओळ उपटा. मागच्या पिढीच्या बियांपासून पुन्हा करू." मग मामंजींकडे वळून, "लावणी तुमच्या हातची ना?"

"माझ्याच हातची," मामंजी उठून उभे राहिले. "जुडी बांधताना घोळ झाला असेल. नजर पहिल्यासारखी राहिली नाही."

"एकतीस वर्षांत नाही झाला तो?"

"आता झाला."

मजूर खाली बघू लागले. मामंजींनी टोपी काढून हातात धरली होती. त्यांना असं उभं राहिलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि बघायला नको होतं. मी तोंड उघडलं नाही. साहेबांची भीती, कामाची भीती, चारचौघांत 'अमक्याची सून' म्हणून नाव निघेल त्याची भीती. उद्या सकाळी ओळ उपटायची असं ठरलं आणि सगळे दगडांवरून परत गेले.

संध्याकाळी मी चुलीपाशी बसून रडत होते. सासूबाई भांडी घासत होत्या. मीच त्यांना सांगितलं. सगळं, जुडीसकट.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "त्यांना ठाऊक आहे."

"कसं?"

"तू डावरी. आपण रोप दाबतो तेव्हा ते एकीकडे कलतं, तुझं दुसरीकडे. आल्या आल्या मला म्हणाले, सुनेने नांग्या भरल्यात, पाची रोपं उलटी कललीत. वर म्हणाले, पोरीला बोलू नकोस, प्रेमाने केलंय तिने."

"आणि ओळ?"

"ओळ गेली." सासूबाईंनी एक ताट उचललं आणि पुसलेलंच पुन्हा पुसलं. "सहा हंगाम या माणसाने घरातल्यांचे वाढदिवस विसरून त्या भाताचे दिवस मोजले. मला काय त्या गवताचं पडलंय! पण तो साहेबासमोर टोपी काढून उभा राहिला म्हणतात, ते मला सोसत नाही."

मामंजी बाहेर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊ शकले नाही.

सकाळी आम्ही शेतावर पोचलो तेव्हा साहेब, बाई आणि चार मजूर आधीच आले होते. मामंजींनी काठी बाजूला ठेवली आणि पहिल्या रोपाला हात घातला. ओळ त्यांची होती, उपटणार तेच होते. रोपाच्या बुडाला त्यांची बोटं गेली आणि मला राहवलं नाही.

"थांबा. नांग्या मी भरल्या."

कोणाला कळेना. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने, आणि आवाज फाटला. "या ओळीत पाच नांग्या होत्या. खेकड्यांनी रोपं खाल्ली होती. मामंजी आजारी होते. कोपऱ्यातल्या जुडीतली रोपं मी इथे लावली. मला नियम माहीत नव्हता. त्यांच्या हातचा घोळ नाही, माझ्या हातचा आहे. या हातचा." आणि डावा हात पुढे केला. का केला देव जाणे. मास्तरांपुढे धरावा तसा धरला.

साहेब लाल झाले. "ती कडेला लावायची शुद्ध म्हातारीची रोपं होती! आणि आज सांगतेस? कशावरून पाचच? सासऱ्याला वाचवायला बोलत नाहीस कशावरून?"

मामंजी सावकाश उठले. माझ्याकडे बघत त्यांनी कोपरीच्या आतल्या खिशात हात घातला आणि गुंडाळलेली सुतळी काढली.

"आता तिनेच सांगितलं, तर मग हे बघा," ते म्हणाले.

सुतळीचं एक टोक त्यांनी पानबाईंच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ते लंगडत मागे सरकले. सुतळी ताणली. "याच ओळीची, आठव्या दिवशीची आहे. मोजा."

बाईंनी चिमटीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग बोटभर मोकळं. पुन्हा बोटभर मोकळं. "सहा, सात," बाई पुटपुटल्या. आठपासून पुन्हा गाठी. एकोणिसाव्याला मोकळं. अठ्ठाविसाव्याला मोकळं. तेहतिसाव्याला मोकळं. शेवटपर्यंत गाठी. बाईंनी खिशातून काळा कागद काढला, सुतळीशेजारी धरला आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"साहेब, हे तंतोतंत जुळतंय," त्या म्हणाल्या. "यांनी नांग्या मोजल्या तेव्हा पान अजून घेतलंही नव्हतं."

"मग काल का नाही काढली ही सुतळी?" साहेब मामंजींवर ओरडले.

मामंजी सुतळी गुंडाळत राहिले. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांच्या आवाजातला जोर गेला. "पाच काढा. बाकीच्यांची पानं पुन्हा तपासा. आणि हिला या हंगामात पानाला हात लावू देऊ नका."

"पाच रोपं तीच काढेल," मामंजी म्हणाले.

मी काढली. चांगली मुळावलेली होती, सुखासुखी येईनात. पाचवं निघालं तेव्हा चिखलात खड्डा पडला आणि त्यात पाणी भरलं. मामंजी शेजारी उभे होते. "हे राहू दे असंच," ते हळूच म्हणाले. "इथे एक होतं आणि गेलं, एवढं तरी दिसायला हवं. जागा भरली की मोजणी खोटी पडते."

महिनाभर मी बांध साफ केले. चिमट्याचं यंत्र दुसऱ्याच बाईच्या हातात दिसलं की मी मान वळवायचे. त्याच दिवसांत नाव पडलं, नांगीवाली. पहिल्यांदा लागलं, मग सवय झाली. पुढच्या हंगामात पानबाईंनीच परत बोलावलं. म्हणाल्या, "जिला एकदा चटका बसलाय तीच हवी मला."

सतरावी ओळ उभी राहिली. पस्तीसच्या पस्तीस रोपांना नुसती वरची रेघ. पुढे तिचं बी वाढवून मुद्दाम करप्याच्या पट्ट्यात लावलं. आजूबाजूची भातं भाजून निघाली आणि मधला तो तुकडा हिरवा राहिला. त्या वाणाला केंद्राने लांबलचक नंबर दिला. मामंजी त्याला 'म्हातारीची लेक' म्हणाले आणि लोकही तेच म्हणू लागले. पहिलं भात घरी शिजलं त्या दिवशी वास खिडकीबाहेर गेला. मामंजींनी पहिला घास तोंडात धरून डोळे मिटले. सासूबाई म्हणाल्या, "मिळाली एकदाची?" त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर ते नऊ वर्षं होते. त्या दोन खोल्यांतली ती नऊ वर्षं मला अजून रोज आठवतात. रोज जेवताना खिडकीतून शेत बघायचे आणि मला विचारायचे, आज किती नांग्या. मी सुतळी दाखवायची. हो, तोवर मीही सुतळी धरायला लागले होते. वही होती, पेन होतं, पुढे कॉम्प्युटरही आला, पण आठव्या दिवशी सुतळी हातात नसली तर ओळ आपली वाटत नाही.

ते गेल्यावर काही दिवसांनी आम्ही सगळे पुन्हा बाकड्यावर जेवायला बसलो. माझी धाकटी तेव्हा सात वर्षांची. ती जागेसाठी भांडत भांडत सरकली आणि खिडकीकडे जाऊन बसली. बसल्या बसल्या पाय हलवू लागली. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी वाढायचा डाव खाली ठेवला. मामंजींच्या सुतळ्यांना एकतीस वर्षं शिव्या देणारी ती बाई.

"तिथून ऊठ," त्या म्हणाल्या. "इकडे माझ्याजवळ ये."

"का? जागा तर रिकामीच आहे."

"ती नांगी आहे, बाळा," सासूबाई म्हणाल्या. "ती भरायची नसते."